योग सुरू करताय? आधी हात सोडायला शिका

शवासनात, म्हणजे उताणी, अंग सैल सोडून पडले होते. योग शिकवणाऱ्या बाई शेजारी येऊन बसल्या, माझं मनगट धरून हात वीतभर वर उचलला आणि हळूच म्हणाल्या, "सोड." मी म्हटलं, "सोडलाय." बाईंनी त्यांची बोटं काढून घेतली. हात तिथेच, हवेत. मला खरंच वाटत होतं की तो मी सोडलाय.

तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. साताऱ्यात एका पतसंस्थेत कॅश काउंटरला. संध्याकाळी कॅश जुळेपर्यंत उठता यायचं नाही, आणि मार्च एंडला तर रात्रीचे नऊ व्हायचे. घरी सासूबाईंना अर्धांगवायू होऊन उजवी बाजू गेलेली, मुलगा दहावीला. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. मान आणि खांदा यांच्यामध्ये लिंबाएवढा गोळा कायम. एक्स-रेमध्ये काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, ताण आहे, योगा करा. नवी येणारी बहुतेक माणसं अशीच येतात, कुणीतरी 'योगा करा' म्हटलं म्हणून. त्यांच्यासाठीच हे लिहितेय.

माझी सुरुवात चुकीची झाली. क्लास लावून जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि रथसप्तमी आली. सगळ्यांनी मिळून १०८ सूर्यनमस्कार घालायचे ठरलं. साठाच्या पुढे कंबर बोलायला लागली होती, पण शेजारची थांबत नाही तर मी कशी थांबू? पूर्ण केले. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठायला नवऱ्याचा हात धरावा लागला, आणि पुढचे वीस दिवस खाली वाकता आलं नाही. तो क्लास मी सोडला. योगच सोडणार होते, पण मैत्रिणीने या बाईंकडे नेलं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, घरच्या हॉलमध्ये सात-आठ जणींना शिकवायच्या.

त्यांना १०८ ची हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी औंधचं उदाहरण दिलं. आपल्या जिल्ह्याला सूर्यनमस्कार नवे नाहीत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः नमस्कार घालायचे आणि संस्थानातल्या शाळांमध्येही त्यांनी ते सुरू केले. बाई म्हणाल्या, "अगं, ते रोज घालायचे. तू तीन आठवड्यांत त्यांच्या पुढे जायला निघालीस."

मग त्यांनी पतंजलींचं एक सूत्र सांगितलं, 'स्थिरसुखमासनम्'. आसन स्थिर हवं आणि सुखाचं हवं. मी दात-ओठ खाऊन स्थिर राहत होते, त्यातलं सुख माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ओळखायचं कसं, तर श्वासावरून. आसनात श्वास अडला, धापेचा झाला किंवा जबडा आवळला गेला की तुम्ही पुढे गेलात. निम्मं मागे या, तिथे श्वास मोकळा होईल, तिथेच थांबा. पायाची बोटं हाताला लागली नाहीत तरी चालतं. माझी पहिलं दीड वर्ष लागत नव्हती.

सुरुवातीचे तीन महिने बाईंनी मला फार थोडं दिलं. उभ्याने ताडासन, गुडघे-तळव्यांवर मार्जारासन, पालथं होऊन भुजंगासन, उताणं होऊन पवनमुक्तासन आणि शेवटी शवासन. सगळं मिळून वीस मिनिटं. पोट रिकामं हवं, म्हणजे जेवणानंतर तीन-चार तास गेलेले हवेत. घाईच्या दिवशी एखादं आसन गाळा, पण शवासन गाळू नका. बायका नेमकं तेच गाळतात, कारण नुसतं पडून राहायची आपल्याला लाज वाटते. माझा गोळा विरघळला तो शवासनात. हात खरोखर सुटायला चार महिने लागले. ज्या दिवशी तो धप्पकन सतरंजीवर पडला त्या दिवशी बाई काही बोलल्या नाहीत, नुसता खांदा थोपटला.

रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर कपालभाती, भस्त्रिका असे जोरजोरात श्वास घ्यायचे-सोडायचे प्रकार आणि श्वास कोंडून धरणं नको. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोत. दिवस गेलेले असतील किंवा ऑपरेशन झालेलं असेल तर डॉक्टरांना विचारा आणि शिकवणाऱ्यालाही पहिल्याच दिवशी सांगा. मोबाइलवरच्या व्हिडिओला तुमची कंबर दिसत नाही.

ध्यानाचं मला जास्त सांगायचंय, कारण तिथे माणसं लवकर निराश होतात. मांडी घालून बसताना ढुंगणाखाली चादरीची जाड घडी घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली येतात आणि पाठ आपोआप सरळ होते. गुडघे दुखत असतील तर खुर्ची घ्या, पावलं जमिनीला टेकवा. डोळे मिटा आणि बाहेर जाणारे श्वास मोजा, एक ते दहा, मग परत एक. श्वास ओढायचा नाही, लांबवायचा नाही, येईल तसा. पहिल्या दिवशी मी चारपर्यंत पोचले आणि पाचव्या श्वासाला पन्नासच्या नोटांचं बंडल मोजत होते. मला वाटलं, हे आपलं काम नाही. बाईंनी विचारलं, "भटकलीस हे कळलं ना? मग परत एकवर ये. तेवढंच करायचंय." मन भटकणारच. ते कळून परत येणं, वीस वेळा, तीस वेळा, हाच सराव. पाच मिनिटांनी सुरुवात करा आणि महिनाभर पाचच ठेवा.

दुसऱ्या महिन्यात एकदा बसल्या बसल्या रडू फुटलं. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती, तेराव्यानंतर लगेच कामावर हजर झाले होते. ते रडू तेव्हापासून साठलेलं असावं. असं झालं तर घाबरू नका, येऊ द्या. मात्र छातीत धडधड वाढली, जीव घुसमटायला लागला तर डोळे उघडा, तळव्याखालची फरशी चाचपा, उठून पाणी प्या. नैराश्याची औषधं चालू असतील तर ध्यानाच्या भरवशावर ती बंद करू नका. आणि पहिल्याच महिन्यात इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला धावू नका. तिथे दिवसाला दहा तासांच्या आसपास बसायचं असतं, मौन पाळून. मी तिसऱ्या वर्षी गेले, खूप मिळालं, पण आधीची बैठक नसती तर टिकले नसते.

शिकवायची इच्छा पुढे होतेच. आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या परीक्षा आहेत, विद्यापीठांचे पदविका अभ्यासक्रम आहेत. माझं मत विचाराल तर आधी दोन वर्षं स्वतःसाठी करा. प्रमाणपत्राची घाई झाली की सरावही परीक्षेसारखा होतो.

आता जागेचं. मी गच्चीवर करायचे, समोर अजिंक्यतारा, त्यावरचा टीव्हीचा मनोरा. जूनमध्ये पाऊस लागला आणि सगळं बंद पडलं. साताऱ्याचा पाऊस म्हणजे सप्टेंबरपर्यंत गच्ची गेली. पंधरा दिवस बुडाले तेव्हा माजघरात कपाटालगतची सतरंजीएवढी जागा ठरवून टाकली. घरात पावसाळ्यातही टिकेल अशी जागा आधीच पाहून ठेवा. आणि फोन दुसऱ्या खोलीत.

जागेपेक्षा अवघड होतं ती वेळ माझी आहे हे घरात सांगणं. सासूबाईंच्या उशाशी देवघरातली घंटी ठेवली, म्हटलं, "आई, पंचवीस मिनिटं मी आत आहे, लागलं तर वाजवा." पहिल्या दिवशी तीनदा वाजली. एकदा पाणी, एकदा पांघरूण, एकदा नुसतंच. आठवडाभर मी दर वेळी उठले आणि परत येऊन बसले. मग वाजणं कमी होत गेलं. एक दिवस त्यांनीच विचारलं, "आत काय करतेस एवढं?" सांगितलं, श्वास मोजते.

आता रात्री झोपण्याआधी आम्ही दोघी मोजतो. त्या डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत मोजतात, जपाला मोजायच्या तसं. कधी दहा होतात, कधी सहाव्यालाच त्यांना झोप लागते.