मोटार कंपनी सरकारी पैशाने वाचवावी का? मदतीचा प्रस्ताव तपासण्याची रीत

मदतीचा प्रस्ताव हातात आला की तोट्याचा आकडा बाजूला ठेवा आणि आधी रोकडीचा तक्ता मागा. तोट्यातली मोटार कंपनी दहा वर्षं चालू शकते, रोकड संपलेली पंधरा दिवसांत बंद पडते. सरकारकडे धाव घेतली जाते ती बहुधा या दुसऱ्या टप्प्यावर, आणि अशा घाईत सही झालेले कागद पुढे कामगाराला, व्हेंडरला (सुटे भाग पुरवणाऱ्याला) आणि करदात्याला महागात पडतात.

या धंद्यात रोकड इतकी झपाट्याने का आटते? गाडी कारखान्यातून डीलरकडे रवाना झाली की डीलरला कर्ज देणाऱ्या बँकेकडून कंपनीच्या खात्यात पैसे पडतात. सीट, वायरिंग, काचा, ब्रेक पुरवणाऱ्या व्हेंडरांची बिलं मात्र ४५ ते ६० दिवसांनी चुकती होतात. विक्री चढती असते तोवर कंपनी खरं तर व्हेंडरांच्या पैशावर चालते. विक्री एकदम पडली की आजची जमा घटते, आणि दोन महिन्यांपूर्वी भरभरून केलेल्या उत्पादनाची बिलं आज द्यायची असतात. २००८ च्या अखेरीस डेट्रॉइटमध्ये, म्हणजे अमेरिकी मोटार उद्योगाच्या माहेरघरात, हेच झालं. अमेरिकेत २००७ मध्ये सुमारे १.६ कोटी गाड्या खपल्या होत्या, २००९ मध्ये तो आकडा १.०४ कोटींवर आला.

तक्ता १३ आठवड्यांचा आणि आठवडावार हवा. त्यात सुरुवातीची शिल्लक, डीलरांकडून जमा, व्हेंडरांची चालू देणी, व्हेंडरांची थकलेली देणी, पगार आणि भविष्यनिर्वाह निधी, वीज, व्याज आणि हप्ते, कर, शेवटची शिल्लक असे रकाने असावेत. चालू आणि थकलेली देणी एकाच ओळीत मिसळलेली दिसली तर तक्ता परत पाठवा, कारण खड्डा तिथेच लपवलेला असतो. मग डीलरांकडे पडून असलेल्या गाड्या किती दिवसांच्या विक्रीइतक्या आहेत ते विचारा. साधारण महिनाभराचा साठा समजण्यासारखा आहे. तो दोन महिन्यांच्या वर गेला असेल, तर कंपनीने मागच्या तिमाहीत दाखवलेली विक्री म्हणजे डीलरच्या अंगणात उभी असलेली गाडी. ती ग्राहकाने घेतलेली नाही, आणि पुढच्या तिमाहीची जमा त्या प्रमाणात कापूनच धरायची.

एका गाडीमागे किती सुटतं

कंपनी वाचण्याजोगी आहे की नाही हे इथे ठरतं, म्हणून या हिशेबाला सगळ्यात जास्त वेळ द्या. गाडीच्या कारखानादर किमतीतून सुटे भाग, रंग, वाहतूक, वॉरंटीची तरतूद असा गाडीगणिक वाढणारा खर्च वजा करा. उरते ती रक्कम स्थिर खर्च, म्हणजे गाड्या कमी खपल्या तरी तेवढाच राहणारा खर्च, भागवायला.

समजा कारखान्याची क्षमता वर्षाला २ लाख गाड्यांची आहे, विक्री १,१०,००० आहे, एका गाडीमागे ६०,००० रुपये सुटतात आणि स्थिर खर्च ९०० कोटी आहे. ९०० कोटी भागिले ६०,००० म्हणजे १,५०,००० गाड्या. तेवढ्या खपल्या तरच ना नफा ना तोटा; हा झाला काठ. कंपनी ४०,००० गाड्यांनी मागे आहे, म्हणजे वर्षाला २४० कोटींचा खड्डा. आता सरकारने १,००० कोटी ९ टक्के व्याजाने दिले तर वर्षाला ९० कोटी व्याज वाढलं. ते फेडायला आणखी १५,००० गाड्या विकाव्या लागतील. मदतीने काठ १,५०,००० वरून १,६५,००० वर सरकला! नुसतं कर्ज देऊन आजारी कारखाना बरा होत नाही याचं कारण या चार ओळींच्या गणितात आहे.

हाच कारखाना एक जुनी लाइन आणि न खपणारी दोन मॉडेलं बंद करून स्थिर खर्च ६०० कोटींवर आणू शकला, तर काठ १ लाख गाड्यांवर येतो आणि आजच्या विक्रीतही ६० कोटी सुटतात. मदत द्यायची ती या बदलाच्या खर्चासाठी. २००९ मध्ये जनरल मोटर्सकडून अमेरिकी सरकारने हेच मागितलं. देशात वर्षाला १ कोटी गाड्या खपल्या तरी तोटा होऊ नये असा आराखडा हवा होता, आणि त्याआधी त्या कंपनीला १.६ कोटींचा बाजार लागत असे. पाँटिअॅक आणि सॅटर्न ही तिच्या गाड्यांची नावं त्या हिशेबात गेली.

प्रस्तावात येत्या वर्षाची विक्री कंपनीच्या स्वतःच्या अंदाजाने धरलेली असते. ती २० टक्क्यांनी कमी करून गणित पुन्हा मांडा. त्यातही काठ गाठला जात नसेल तर प्रस्ताव कच्चा आहे.

आधी बँकेला विचारा

खाजगी बँक द्यायला तयार असेल तर सरकारने मध्ये पडू नये. टाटांनी २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर घेतली आणि लगेच मंदी आली. ब्रिटिश सरकारशी हमीबद्दल महिनोन्महिने बोलणी चालली, अटी जाचक वाटल्या, आणि २००९ मध्ये टाटांनी बाजारातून पैसा उभा करून वाट काढली. डेट्रॉइटची गोष्ट वेगळी होती. २००८ च्या डिसेंबरात बँका स्वतःच गाळात होत्या, दिवाळखोरीच्या काळात कारखाना चालू ठेवायला लागणारं कर्ज कोणीच देत नव्हतं. तिथे सरकार हाच एकमेव सावकार उरला होता, म्हणून तिथली मदत मला योग्य वाटते.

कोणी किती सोसायचं

करदात्याचा रुपया शेवटी यावा. त्याआधी भागधारक, मग व्यवस्थापन, मग कर्ज देणारे. प्रस्तावात प्रत्येकाच्या नावापुढे रक्कम लिहिलेली नसेल तर ती लिहून मागा.

२००९ चा नमुना तपशिलात बघण्यासारखा आहे. आधी बुश सरकारने १९ डिसेंबर २००८ रोजी जनरल मोटर्स आणि क्रायस्लरला १७.४ अब्ज डॉलरचं तात्पुरतं कर्ज जाहीर केलं, त्यासोबत आराखडा देण्याची मुदत घातली. आराखडे आले, ओबामा सरकारने ३० मार्चला ते अपुरे ठरवले, जनरल मोटर्सचे प्रमुख रिक वॅगनर यांना जावं लागलं. क्रायस्लर ३० एप्रिलला आणि जनरल मोटर्स १ जूनला दिवाळखोरीत गेली. जुन्या भागधारकांचे पैसे बुडाले. क्रायस्लरच्या तारणधारक कर्जदात्यांना ६.९ अब्जांपैकी २ अब्ज मिळाले. नव्या जनरल मोटर्समध्ये सरकारकडे ६०.८ टक्के, कामगारांच्या आरोग्यनिधीकडे १७.५ टक्के आणि जुन्या रोखेधारकांकडे १० टक्के हिस्सा आला. सरकारने सुमारे ४९.५ अब्ज घातले, २०१३ अखेर शेवटचा शेअर विकला तेव्हा १० अब्जांहून जास्त तोटा सोसला. कारखाने मात्र चालू राहिले.

या व्यवहारातली वाईट बाजूही नोंदवायला हवी. सुटे भाग बनवणाऱ्या डेल्फी कंपनीच्या पगारदार निवृत्तांची पेन्शन कापली गेली, संघटनेतल्या कामगारांची भरून निघाली. ज्यांची बाजू मांडायला टेबलावर कोणी नसतं त्यांच्या ताटातलं आधी जातं. म्हणून कंत्राटी कामगार, निवृत्त आणि छोटे व्हेंडर यांची देणी करारात नाव घालून लिहून घ्या.

पैसा व्हेंडरपर्यंत पोचतो का

एका गाडीत हजारो सुटे भाग असतात आणि लाइनला लागणारी सीट किंवा वायरिंगचा जुडगा कित्येकदा काही तास आधीच पोचतो. एक ब्रॅकेट आला नाही तरी लाइन उभी राहते. आणि तोच व्हेंडर तीन कंपन्यांना माल देत असतो. म्हणून तर फोर्डचे अॅलन मुलाली स्वतःला तातडीचं कर्ज नको असताना प्रतिस्पर्ध्यांसाठी अमेरिकी संसदेपुढे बोलले. त्यांचे पुरवठादार सामायिक होते.

मार्च २००९ मध्ये अमेरिकेने पुरवठादारांना मोटार कंपन्यांकडून येणं असलेल्या रकमेला ५ अब्ज डॉलरपर्यंतचा आधार दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये सायबर हल्ल्याने जग्वार लँड रोव्हरची उत्पादनं थांबली तेव्हा ब्रिटिश सरकारने १.५ अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी दिली, पण ती कंपनीच्या कर्जाला होती, व्हेंडरांना थेट नव्हती. अशा रचनेत पैसा खाली झिरपायला आठवडे जातात, आणि चाकणसारख्या वसाहतीतला, पत्रा दाबून भाग बनवणारा वीस माणसांचा प्रेसशॉप तेवढे आठवडे तग धरत नाही. उपाय सोपा आहे: मदतीचा एक हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवा आणि ४५ दिवसांवरची थकलेली बिलं तिथून थेट व्हेंडरच्या खात्यात भरा. २०२० च्या टाळेबंदीत केंद्राने लघुउद्योगांच्या कर्जाला १०० टक्के हमी देणारी योजना आणली होती, तो साचा इथेही वापरता येतो.

मदतीचं रूप

आपल्याकडे साखर कारखान्यांमुळे थकहमी, म्हणजे कर्ज थकलं तर सरकार भरेल ही हमी, हा शब्द गावोगाव माहीत आहे. हमीत आज तिजोरीतून काही जात नाही, म्हणून ती सढळ हाताने दिली जाते. हमीच्या रकमेचा काही भाग आजच अर्थसंकल्पात तरतूद म्हणून दाखवायला लावा, आणि बदल्यात ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क मागा. १९८० मध्ये क्रायस्लरला १.५ अब्ज डॉलरच्या हमीचा कायदा झाला तेव्हा सरकारने असा हक्क घेतला होता. कर्ज १९८३ मध्ये मुदतीआधी फिटलं आणि त्या हक्कांतून तिजोरीत ३११ दशलक्ष डॉलर आले.

मालकी घ्यायची वेळ आली तर माल बदलायची तयारी हवी. ब्रिटनने १९७५ मध्ये ब्रिटिश लेलँड ताब्यात घेतली, आपापसात स्पर्धा करणारी मॉडेलं आणि जुने कारखाने बरीच वर्षं तसेच राहिले. तिचा उरलेला भाग, लाँगब्रिजची एमजी रोव्हर, २००५ मध्ये बुडाली आणि सहा हजारांवर कामगार एका महिन्यात बाहेर पडले. मुंबईतल्या आजारी गिरण्या सरकारने घेतल्या तिथेही जुने माग तसेच फिरत राहिले. मारुतीत उलट झालं. १९८० मध्ये सरकारने बुडालेल्या कंपनीची मालमत्ता घेतली, १९८२ मध्ये सुझुकीला २६ टक्के हिस्सा देऊन नवी गाडी आणि नवी कार्यपद्धत आणली, आणि डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली.

आयातीला दार बंद ठेवणं हीही मदतच असते, फक्त ती ताळेबंदात दिसत नाही, ग्राहकाच्या खिशातून जाते. अॅम्बॅसेडर आणि पद्मिनीसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावला तो याच मदतीपोटी. जकात वाढवून मागणाऱ्या प्रस्तावालाही वर्षागणिक खाली येणारा दर आणि शेवटची तारीख लिहून मागा.

शेवटी ठिकाण बघा. करारात कारखान्याचं नाव, किमान उत्पादन आणि किती वर्षं चालवायचा हे लिहिलेलं नसेल तर वाचलेली कंपनी नको तो कारखाना सोडून जाते. जनरल मोटर्सने तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू केला आणि २०२० च्या डिसेंबरात तिथलं उत्पादन थांबवलं. अमेरिकी करदात्याच्या पैशाने वाचलेल्या कंपनीवर तळेगावचं बंधन नव्हतं. कामगारांचा वाद कोर्टात गेला, आणि ह्युंदाईशी विक्रीचा करार व्हायला २०२३ चा ऑगस्ट उजाडला. राज्य सरकार जमीन, वीजदर किंवा करपरतावा देतं तेव्हा हे कलम त्याच दिवशी घालता येतं: ठरलेल्या वर्षांआधी उत्पादन थांबवलं तर सवलतीची रक्कम व्याजासह परत, आणि जमीन विकण्याआधी कामगार आणि व्हेंडर यांची देणी चुकती.