शीट फिल्मचं दुरंगी आकाश

मे महिन्यात सदाशिव पेठेतल्या आमच्या मोरीत कॅमेऱ्यातल्या फिल्मच्या ४×५ इंची सुट्या शीट डेव्हलप केल्या (रसायनात बुडवून चित्र उमटवलं), तर प्रत्येक निगेटिव्हवर आकाश एका कडेला गडद, दुसरीकडे फिकं. आधी कॅमेऱ्यालाच शिव्या घातल्या. खरी गोम पाण्यात होती. गच्चीवरच्या टाकीचं पाणी ३२ अंश. गरम पाण्यात डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, भराभर काम करतं. त्यामुळे डेव्हलप करायची वेळ साडेतीन मिनिटांवर आलेली, आणि डेलाइट टँक (उजेड आत न येणारा बंद डबा) भरायलाच पाऊण मिनिट. म्हणजे खालची कड आधी भिजणार, वरची मागून!

मग डेव्हलपर बर्फाच्या बादलीत ठेवून २० अंशांवर आणला. वेळ साडेनऊ मिनिटं झाली. त्याआधी दोन मिनिटं तितक्याच गार साध्या पाण्यात शीट भिजवल्या. टँक गदागदा हलवणंही सोडलं, मिनिटाला चारदा सावकाश उलटायचा. आता आकाश एकसारखं येतं. फ्रिजमधला बर्फ कुठे जातो, हे आईला अजून सांगितलेलं नाही.