भंडारदऱ्याहून परत: एक गाडी, पाच जण आणि ओला तंबू

काजव्यांच्या दिवसांत किंवा पावसाळ्यात भंडारदऱ्याला तंबू ठोकायला जाताना सामान कोरडं असतं आणि माणसं ताजी. परतताना दोन्ही उलटं. पाच जण एकाच गाडीतून ठाण्या-मुंबईला येणार असाल, तर वाटेतली बहुतेक कटकट निघण्याआधीच्या अर्ध्या तासातच टाळता येते. तेवढा वेळ घाई नको.

आधी गाडी कोण चालवणार ते ठरवा, आणि ते आदल्या रात्रीच. गाडी ज्याची त्यानेच चालवावी असा नियम नाही. जो निदान सहा तास झोपला त्याने चालवावी. शेकोटीभोवती पहाटे तीनपर्यंत गप्पा मारणारा सकाळी कितीही ‘मी फ्रेश आहे’ म्हणाला तरी किल्ली त्याच्या हातात देऊ नका. रात्री घेतलेली दारू उतरायला ढोबळमानाने ३० मिलिलिटरच्या लहान पेगामागे निदान एक तास लागतो आणि चहा-आंघोळीने हा वेळ कमी होत नाही. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि सकाळची तपासणीही तपासणीच असते. दुसरा चालक हाताशी ठेवाच. त्याचं लायसन्स आणि गाडीचा विमा चालू आहे ना, हे निघायच्या आधी बघा.

आता सामान. साधी पद्धत अशी: जो आधी उतरणार त्याची बॅग सगळ्यात शेवटी भरायची. नाहीतर ठाण्यात माजिवड्याला एक जण उतरताना भर रस्त्यात अख्खी डिकी रिकामी करावी लागते. जड वस्तू, म्हणजे पाण्याचे कॅन, कूलर, भांड्यांची पेटी, खाली आणि मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवा. सीटच्या पाठीपेक्षा वर काही रचू नका; जोरात ब्रेक लागला की वरचा तवा थेट मागे बसलेल्यांच्या मानेवर येतो.

तंबूचं वरचं कापड ओलंच गुंडाळावं लागतं, त्याला इलाज नाही. पण ते आतल्या तंबूपासून वेगळं करा, मोठ्या काळ्या कचऱ्याच्या पिशवीत भरा आणि सगळ्यात वर ठेवा, म्हणजे घरी पोचल्यावर आधी तेच हाती लागेल. एका दिवसापेक्षा जास्त घडीत राहिलं तर बुरशीचा वास धरतं, आणि असं वारंवार झालं की आतला जलरोधक थर चिकट होऊन सुटतो. खुंट्या मोजूनच पिशवीत टाका. चिखलात हमखास एक-दोन राहतात. चिखलाचे बूटही पिशवीत, पायात चपला.

स्टोव्हचं गॅसचं डबडं काढून वेगळं ठेवा. त्यावर ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका असं लिहिलेलं असतं, आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून सहज तापतो. बार्बेक्यूचा कोळसा मात्र गाडीत घेऊच नका, जोवर तो पाण्यात पूर्ण बुडवून हाताला गार लागत नाही. वरून राख दिसणारा निखारा आत तासन्‌तास धुमसतो, आणि बंद गाडीत त्याच्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. इथे चूक झाली तर ती सुधारायला संधी मिळत नाही.

रविवारी दहाच्या आत शेंडी, म्हणजे भंडारदरा धरणाजवळचं गाव, सोडा. रतनवाडीला राहिला असाल तर त्याआधी धरणाच्या काठाने वीसेक किलोमीटर धरा. शेंडीहून बारीमार्गे घोटी सुमारे ३५ किलोमीटर. वळणांमुळे तास धरून चाला. घोटीच्या पंपावर हवा बघायला हरकत नाही, पण चाललेल्या गाडीचे टायर गरम असतात आणि दोन-चार पीएसआय जास्त दाखवतात. ती हवा काढू नका. भरलेल्या गाडीसाठी किती हवा हवी, ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं.

घोटीनंतर दोन वाटा. एक नेहमीची, इगतपुरी, कसारा घाट, शहापूर, पडघा. दुसरी समृद्धी महामार्ग: इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि कसारा घाट टळला. टोल जास्त, पण ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी वसूल. सोबत बाईकवाले मित्र असतील तर मात्र त्यांना समृद्धीवर प्रवेश नाही. भेटायची जागा आधी ठरवा. दोन्ही वाटा पुढे भिवंडी बायपासलाच येतात आणि रविवारी संध्याकाळी तिथे सगळे सारखेच अडकतात.

कसाऱ्याने उतरणार असाल तर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, न्यूट्रलमध्ये नाही. पाच माणसं आणि डिकीभर सामान असलेली गाडी नुसत्या ब्रेकवर धरली की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि पेडल मऊ लागायला लागतं. असं झालं तर रुंद जागी थांबा, पंधरा-वीस मिनिटं निवू द्या. चाकांवर पाणी ओतू नका.

ओले कपडे आणि पाच जणांचे श्वास, म्हणजे काचा धुरकटणारच. आतून धुकं धरलं तर एसी चालू करून बाहेरची हवा आत घ्या; आतलीच हवा फिरवायचं बटण चालू राहिलेलं असतं, ही नेहमीची गफलत. कापड फिरवूनही काच पुसली जात नसेल, तर धुकं बाहेरून आहे. मग वायपर मारा, काचेवरचा गार झोत बंद करा, तापमान वाढवा.

गाडी लागणाऱ्याला पुढे बसवा, मोबाइल बघू देऊ नका, आणि निघण्याआधी तेलकट भजी नकोत. गाडी लागू नये म्हणून घ्यायची अ‍ॅव्होमिनची गोळी एक-दोन तास आधी घ्यावी लागते. ती झोप आणते, म्हणून चालकाने घ्यायची नाही. आलेपाक आणि दोन रिकाम्या पिशव्या हाताशी असू द्या.

पण गोळी घेतलेला पुढे पेंगायला लागला तर त्याला मागे पाठवा आणि जागा राहणारा पुढे आणा. पुढच्या सीटवरच्याने झोपायचं नाही, रस्ता बघायचा. दर दीड-दोन तासांनी चालक बदला. गेले दोन किलोमीटर कसे आले ते आठवत नसेल तर लगेच थांबा. खिडकी उघडून आणि गाणी मोठ्याने लावून झोप जात नाही. चहा प्या आणि लगेच वीस मिनिटं डोळे मिटा. जागे व्हाल तेव्हा चहाचा परिणाम सुरू झालेला असतो.

हिशेब सोपा ठेवा. निघताना टाकी फुल, परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा फुल. दुसरं बिल (आणि वाटेत भरलं असेल तर तेही) हाच इंधनाचा खर्च. साडेतीनशे किलोमीटर, भरलेली गाडी लिटरला १४ देते असं धरलं तर २५ लिटर. त्यात फास्टॅगचे मेसेज बघून टोल मिळवा आणि गाडीवाल्यासकट पाचांनी भागा. धुलाईचे पैसे बाकी चौघांनी द्यावेत, असं आमचं मत. चिखल त्यांच्याही बुटांचाच असतो. ओला तंबू वाळवायला कोण नेणार, हे शेंडीलाच ठरलेलं असावं, नाहीतर तो गाडीवाल्याच्या डिकीत पुढच्या शनिवारपर्यंत पडून राहतो.