गाटा लूप्सची 21 वळणं: या चुका टाळा

मनालीहून लेहकडे जाताना सरचू मागे टाकून त्सराप नदीच्या काठाने साधारण 25 किलोमीटर गेलं की समोर एक उघडाबोडका डोंगर येतो आणि त्याच्या अंगावर रस्ता वळत वळत वर गेलेला दिसतो. मनाली-लेह मार्गावरचे हेच गाटा लूप्स. 21 वळणांत रस्ता सुमारे 4,200 मीटरवरून 4,650 मीटरच्या पुढे चढतो. कडेला एका ठिकाणी छोटंसं देऊळवजा स्थान आहे. तिथे पाण्याच्या बाटल्या आणि सिगारेटी वाहिलेल्या असतात.

ट्रकवाले सांगतात ती गोष्ट अशी. हंगाम संपता संपता एक ट्रक इथे बंद पडला. ड्रायव्हर मदत आणायला चालत निघाला आणि आजारी क्लीनर गाडीपाशी थांबला. बर्फ सुरू झालं, रस्ता बंद झाला. मदत पोचेपर्यंत थंडीने आणि तहानेने क्लीनर गेला होता. तेव्हापासून तो येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाणी मागतो म्हणतात.

भूत मानायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ही गोष्ट नीट ऐका. उशिरा निघालेली गाडी, सोबतीला दुसरं वाहन नाही, थंडी, विरळ हवा, पाणी संपलेलं, मदत लांब. या रस्त्यावर माणूस कशाने अडचणीत येतो ते सगळं त्यात आलं. पुण्या-मुंबईहून दरवर्षी कितीतरी जण बाइक घेऊन इथे येतात. त्यांनी घाबरण्यापेक्षा त्या क्लीनरवर आलेली वेळ आपल्यावर येऊ नये याची तयारी करावी.

वळणावर गाडी थांबवून बाटली ठेवणं

श्रद्धा असेल तर हात जरूर जोडा, पण गाडी वळणाच्या तोंडाशी लावू नका. लांब ट्रकना आणि टँकरना वळायला पूर्ण रस्ता लागतो. तुमची गाडी मध्ये आली की चढावर भरलेला ट्रक थांबवावा लागतो आणि तो पुन्हा हलवणं अवघड जातं. पुढे रुंद जागा बघून गाडी लावा आणि चालत मागे या. तिथल्या बाटलीतलं पाणी पिऊ नका. ते किती दिवस उन्हात तापलंय आणि रात्री गोठलंय, सांगता येत नाही. आणि बाटली ठेवूच नका, असं मी कळकळीने सांगेन. इथे कचरा उचलणारं कोणी नाही आणि उतारावरून घरंगळलेलं प्लास्टिक खाली नदीकडेच जातं. पाणीच द्यायचं असेल तर रस्त्याचं काम करणाऱ्या मजुरांना द्या.

मनालीहून निघून पहिलाच मुक्काम सरचूला

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. मनाली साधारण 2,050 मीटरवर, सरचू 4,290 मीटरवर. अटल बोगदा 2020 साली खुला झाल्यापासून हे अंतर एका दिवसात सहज कापता येतं, म्हणून मोह आणखी वाढलाय. शरीराला मात्र बोगदा नाही. रात्री डोकं ठणकायला लागतं, उलट्या होतात, झोप लागत नाही आणि सकाळी त्याच अवस्थेत माणूस लूप्स चढायला निघतो. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या 60 टक्क्यांहून कमी असतो. अशा वेळी निर्णय चुकतात आणि आपण चुकतोय हेही कळत नाही.

सरचूच्या आधी वाटेत लागणाऱ्या केलाँग किंवा जिस्पाला, म्हणजे 3,100-3,200 मीटरच्या आसपास, दोन रात्री काढा. त्याहून चांगलं म्हणजे श्रीनगर-कारगिलमार्गे लेहला जा, तिथे दोन-तीन दिवस रुळा आणि परतताना या बाजूने उतरा. त्या वाटेने उंची टप्प्याटप्प्याने वाढते. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्ससारखी गोळी डॉक्टरांना विचारूनच, आणि निघण्याआधी विचारा. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत.

लूप्सच्या माथ्यावर कोणी आजारी पडलं तर जवळपास सखल जागाच नाही. मागे सरचू आणि त्यामागे 4,890 मीटरचा बारालाचा ला (ला म्हणजे खिंड). पुढे नकी ला, मग 5,000 मीटरच्या वरचा लाचुंग ला, आणि तो उतरल्यावर पांग, तेही 4,600 मीटरच्या आसपास. म्हणून चढायला लागण्याआधी पायथ्याशी थांबून प्रत्येकाकडे नीट बघा. डोकेदुखी गोळीनेही थांबत नसेल, उलट्या होत असतील, तर वर जाऊ नका. चालताना झोक जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर लगेच मागे फिरून जिस्पा-केलाँगकडे उतरायला लागा, ऑक्सिजन असेल तर वाटेतच द्या. माथा ओलांडून गेल्यावर हे झालं, तर पांगच्या लष्करी तळावर मदत मागा.

वळणं टाळून मधल्या कच्च्या वाटेने जाणं

दोन वळणांच्या मध्ये चाकांनी पडलेल्या सरळ मातीच्या वाटा दिसतात. पुढची जीप त्यातून गेली म्हणून आपणही जावं असं वाटतं. उतार तीव्र, माती सुटी, आणि तुमच्या चाकाखालून सुटलेला दगड खालच्या रस्त्यावरच्या बाइकवाल्याच्या डोक्यात जाऊ शकतो. वाचतात ती काही मिनिटं. जाऊ नका.

चढताना दम तुटणं, उतरताना ब्रेक तापणं

कार्ब्युरेटरची जुनी बाइक इथे काळा धूर सोडते आणि ओढत नाही. विरळ हवेत तिला पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडते. एअर फिल्टर साफ ठेवा, सामान कमी करा, पहिल्या गिअरमध्ये शांतपणे चढा. क्लच अर्धा दाबून गाडी रेटत राहिलात तर क्लच जळेल. जळका वास आला की सपाट जागी थांबा आणि गाडी गार होऊ द्या.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत दाबून धरला की तो तापतो, पेडल मऊ लागतं आणि गाडी थांबेनाशी होते. तसं झालं तर गिअर आणखी खाली घ्या, रुंद जागी थांबा, वीस-पंचवीस मिनिटं द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. नियमही तोच आहे.

दुपारी उशिरा पोचणं

ऊन चढलं की बर्फ वितळून नाले फुगतात. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्याला लागतं. जिस्पाहून उजाडताच निघा. सप्टेंबर उलटल्यावर तर दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोचायलाच हवं, कारण ओल्या रस्त्यावर रात्री बर्फाचा पातळ थर जमतो आणि तो दिसत नाही. टाकी केलाँगच्या अलीकडे तांडीच्या पंपावरच काठोकाठ भरून घ्या. पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची पाटी तिथे लागलेली आहे, ती खरी मानून हिशेब करा.

गाडी बंद पडल्यावर एकट्याने चालत निघणं

या भागात मोबाइलला रेंज असेल असं धरून चालू नका. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्या. गाडी बंद पडली तर ती शक्य तितकी कडेला घ्या, चाकाला दगड लावा, मागे लांबवर दिसेल अशी खूण ठेवा. गरम कपडे आधी चढवा, थंडी वाजायची वाट बघू नका. माणसं एकत्र ठेवा, आजारी माणसाला एकटं सोडू नका. हंगामात दिवसा ट्रक येत राहतात. हात करा, थांबतात. त्यांच्याकडे चिठ्ठी द्या. तिच्यात गाडीचा नंबर, खालून कितव्या वळणावर आहात, माणसं किती, कोणी आजारी आहे का, पाणी किती उरलंय, एवढं लिहा. एक चिठ्ठी सरचूकडे जाणाऱ्या गाडीत द्या आणि एक पांगकडे जाणाऱ्या.