फाइलमधला दशांश आकडा दुसऱ्या संगणकावरही तोच कसा ठेवावा

मे महिन्यात नागपुरातल्या गच्चीवरच्या सेन्सरने ४७.५ अंश नोंदवले आणि दुसऱ्या यंत्राने तीच फाइल उघडून जवळजवळ शून्य दाखवलं, असं खरंच होऊ शकतं. दशांश आकडे बिटांत कसे मांडायचे हे सांगणाऱ्या १९८५ च्या आयईईई ७५४ मानकानुसार ६४ बिटांत ४७.५ म्हणजे हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या अंकपद्धतीत) ४०, ४७, सी० आणि पुढे पाच शून्य बाइट. इंटेल आणि एएमडीचे प्रोसेसर हेच बाइट उलट क्रमाने साठवतात; ते सरळ क्रमाने वाचणाऱ्या यंत्राला जवळजवळ शून्य दिसतं. हा क्रम मानक ठरवून देत नाही, म्हणून तो तुम्हीच ठरवायला हवा.

पायरी १. आधी टेक्स्ट की बायनरी ते ठरवा. फाइल अवाढव्य नसेल तर माझं मत टेक्स्टच्या बाजूने: चूक डोळ्यांना दिसते.

पायरी २. टेक्स्ट असेल तर डबलसाठी (६४ बिटांचा आकडा) १७ आणि फ्लोटसाठी (३२ बिटांचा) ९ सार्थ अंक, म्हणजे पहिल्या शून्येतर अंकापासून मोजलेले अंक, लिहा. इथे सर्वाधिक नुकसान होतं. सी++ चा आउटपुट स्ट्रीम वेगळं सांगितलं नाही तर सहाच सार्थ अंक लिहितो. नागपूरच्या रेखांशात मग चारच दशांश स्थळं उरतात, म्हणजे जमिनीवर सुमारे दहा मीटरचा टप्पा. शेताची हद्द मोजणाऱ्याला हे परवडणार नाही.

दशांश चिन्ह टिंबच ठेवा. जर्मन सेटिंगच्या संगणकावर दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम येऊन नागपूरचा रेखांश ७९,०८८२ असा लिहिला गेला, तर टिंबाची अपेक्षा असलेलं, मजकुराचा आकडा करणारं सी भाषेचं एसटीआरटीओडी फंक्शन स्वल्पविरामापाशी थांबतं आणि निमूटपणे ७९ देतं. शहराच्या मध्यातला बिंदू नऊ किलोमीटर पश्चिमेला, वाडी या उपनगराच्या बाजूला जातो. लिहिताना आणि वाचताना लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) ‘सी’ ठेवा.

पायरी ३. बायनरी असेल तर क्रम लिटल एंडियन (वर सांगितलेला इंटेलचा उलट क्रम) असं फाइलच्या वर्णनातच नोंदवा; पायथनच्या स्ट्रक्ट मॉड्यूलमध्ये फॉरमॅटच्या सुरुवातीला < द्या. विंडोजवर फाइल बायनरी मोडमध्येच उघडा, नाहीतर १० किमतीच्या प्रत्येक बाइटआधी १३ घुसतो आणि पुढचं सगळं सरकतं. लाँग डबल हा सी/सी++ चा आकड्याचा प्रकार टाळा, त्याचा आकार कंपायलरप्रमाणे बदलतो. अख्खं स्ट्रक्चर (अनेक आकडे एकत्र ठेवणारी रचना) एकदम फाइलमध्ये ओतू नका; मधल्या रिकाम्या बाइटांची जागा सगळीकडे सारखी नसते.

पायरी ४. नसलेल्या नोंदीसाठी ‘नॅन’ (आकडा नाही असं सांगणारी खास किंमत) वापरत असाल तर जेसन या टेक्स्ट फाइलच्या प्रकारात त्याला जागा नाही; तिथे नल लिहा.

पायरी ५. दोन आकडे लिहून दुसऱ्या यंत्रावर वाचा आणि बिट ताडून पाहा. ४७.५ ने बाइटांचा क्रम कळतो. अंक गळतात का ते मात्र त्याने कळणार नाही, त्यासाठी ०.१ + ०.२ ची बेरीज घ्या. १७ अंकांत ती ०.३०००००००००००००००४ येते आणि १६ अंकांत लिहिली की वेगळाच आकडा परत मिळतो.