देवाची इच्छा ओळखताना कुठे चुकतं? या चुका टाळा

‘मी प्रार्थना केली, मला शांती वाटली, म्हणून पुढे गेलो.’ ख्रिस्ती मंडळीत हे वाक्य कोणी उच्चारलं की पुढचा प्रश्न विचारायला कोणी धजत नाही. खरं तर प्रश्न तिथूनच सुरू व्हायला हवेत. प्रार्थनेत नेमकं काय मागितलं होतं? शांती किती दिवस टिकली? आणि निर्णय प्रार्थनेच्या आधी झाला होता की नंतर?

आत्मे ओळखण्याचं, म्हणजे कोणती प्रेरणा देवाकडून आहे हे पारखण्याचं विशेष कृपादान असतं, हे करिंथकरांस पहिल्या पत्रात (१२:१०) आहेच. पण इब्री लोकांस पत्र (५:१४) प्रौढ विश्वासणाऱ्यांबद्दल सांगतं की चांगलं-वाईट ओळखण्याचा त्यांना सराव झालेला असतो. म्हणजे पारख हा रोजच्या सवयीचा भाग आहे, मोजक्या लोकांची मक्तेदारी नाही. सराव म्हटला की चुकाही आल्याच. पहिल्या चुकीवर जरा जास्त थांबतो, कारण बाकीच्या बऱ्याचशा तिच्याच पोटातून जन्मतात.

निर्णय आधी, प्रार्थना नंतर

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ४२वा अध्याय वाचा. यरुशलेम पडलंय, बाबेलच्या राजाने नेमलेला अधिकारी गदल्या याचा खून झालाय, उरलेसुरले लोक भेदरलेत. ते यिर्मयाकडे येऊन विनवतात: आमच्यासाठी प्रार्थना कर, उत्तर बरं असो की वाईट, आम्ही ऐकू. दहा दिवसांनी उत्तर येतं: याच देशात राहा, मिसरात (इजिप्तमध्ये) जाऊ नका. त्यावर ते म्हणतात, तू खोटं बोलतोस. आश्चर्य वाटतं, पण आधीच्या अध्यायाचा शेवट पाहिला की उलगडा होतो. मिसरला जायचं ठरवून ते बेथलेहेमाजवळ आधीच मुक्काम ठोकून बसले होते. संदेष्ट्याकडून त्यांना हवी होती ती फक्त मोहोर.

आपलंही असंच होतं. नव्या नोकरीचं बोलावणं आलंय, पगार चांगला आहे, राजीनाम्याचं पत्र मनात लिहून झालंय आणि लोकांना सांगतोय, ‘विषय प्रार्थनेत आहे.’ त्या प्रार्थनेतही ‘तुझी इच्छा होवो’ असं म्हणत आपण देवाला कारणंच पटवून देत असतो.

हे तपासायला एक प्रश्न पुरतो. उत्तर नेमकं उलट आलं तर मला चालेल का? मनापासून ‘हो’ येत नसेल, तर त्या दिवशी ‘काय करू?’ हे विचारूच नका. ‘प्रभू, माझी पकड सैल कर’ एवढीच प्रार्थना करा, काही दिवस तीच करत राहा. सोळाव्या शतकातले कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला यांनी निवड करणाऱ्यांसाठी आणखी एक युक्ती लिहून ठेवली आहे. कधीही न पाहिलेला एखादा माणूस याच पेचात सापडून तुमच्याकडे आलाय अशी कल्पना करा. त्याचं भलं व्हावं एवढंच तुम्हाला वाटतं. मग तुम्ही त्याला काय सांगाल? जे सांगाल तेच स्वतः करा. दुसऱ्याच्या बाबतीत आपली नजर विलक्षण स्वच्छ असते.

‘शांती वाटली’ हाच निकाल

योना संदेष्टा देवाच्या आज्ञेपासून पळत होता, समुद्र खवळला होता आणि हा गलबताच्या तळाशी गाढ झोपलेला. आतली शांतता हाच पुरावा धरायचा झाला तर योना अगदी योग्य मार्गावर होता! उलट गेथशेमाने बागेत प्रभू येशू पित्याच्या इच्छेच्या अगदी मध्यभागी होता आणि त्याचा जीव मरणप्राय खिन्न झाला होता.

टाळलेल्या संघर्षाची सुटका पुष्कळदा शांतीसारखीच वाटते. अवघड माणसाशी बोलायचं टळलं की छातीवरचं ओझं उतरतंच. म्हणून भावना कागदावर टिपून ठेवाव्यात, पण त्यांना न्यायाधीश करू नये.

इग्नेशियसनाच हे कसं उमगलं ते पाहण्यासारखं आहे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि ते महिनोन्महिने खाटेला खिळले. कधी शौर्याची आणि एका उच्चकुलीन स्त्रीचं मन जिंकण्याची स्वप्नं रंगवायचे, कधी ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रं वाचून तसं जगण्याची. दोन्ही विचार चालू असेपर्यंत गोडच लागायचे. फरक नंतर पडायचा. पहिल्याने मन कोरडं, असमाधानी व्हायचं, दुसऱ्याचा आनंद तो विचार सरल्यावरही रेंगाळायचा. विचार येतो त्या क्षणी कसा वाटतो यापेक्षा तो गेल्यावर मागे काय ठेवून जातो, हे पाहायचं.

करून पाहायचं असेल तर असं करा. समोर दोन पर्याय आहेत ना? काही दिवस ‘पहिला पर्याय ठरला’ असं समजून वावरा, मग तितकेच दिवस ‘दुसरा ठरला’ असं समजून. रोज रात्री दोन ओळी लिहा: आज प्रार्थना करावीशी वाटली का? घरच्यांशी कसा वागलो? कोणापासून काही लपवावंसं वाटलं का? शेवटचा प्रश्न सोडू नका. लपवालपवी सुरू झाली की बहुधा काहीतरी बिनसलेलं असतं.

डोळे मिटून वचन काढणं, चिन्ह मागणं

पवित्र शास्त्र कुठेही उघडून बोट पडेल ती ओवी आपल्यासाठी, ही सवय सोडलेली बरी. ३८६ साली मिलानमध्ये, पुढे संत म्हणून ओळखले गेलेल्या ऑगस्टीन यांनी असंच पुस्तक उचललं आणि रोमकरांस पत्रातल्या तेराव्या अध्यायाने त्यांचं आयुष्य पालटलं, हा दाखला नेहमी दिला जातो. पण त्या ओळींनी त्यांना नवी माहिती दिली नव्हती. जे सोडायला हवं हे त्यांना केव्हाचं कळत होतं, तेच सोडायला सांगितलं. कोणत्या गावी घर घ्यावं हे त्यांनी त्यातून काढलं नाही.

सैतानानेही येशूला स्तोत्र ९१ ऐकवलं होतं, हे विसरू नका. ओवी खरी होती, वापर खोटा होता. आधीचं-नंतरचं वाचा, संपूर्ण शास्त्राशी पडताळून पाहा. देवाकडून खूण म्हणून गिदोनाने जमिनीवर लोकर ठेवली आणि दव फक्त तिच्यावर पडावं असं मागितलं, त्याचंही तेच. त्याला आज्ञा आधीच स्पष्ट मिळाली होती आणि दुसऱ्यांदा चिन्ह मागताना ‘रागावू नकोस’ अशी गयावया त्याने स्वतःच केली. त्याच्या दुबळेपणाला देवाने सांभाळून घेतलं, त्याची आपण पद्धत करून टाकली.

‘प्रभूने मला तुझ्याविषयी दाखवलं’

रात्री उशिरा मोबाईलवर असा मेसेज येतो आणि झोप उडते. काय करायचं? १ थेस्सलनीकाकरांस ५:२०-२१ दोन्ही गोष्टी एका दमात सांगतं: संदेशांना तुच्छ लेखू नका आणि सगळ्याची पारख करा. झिडकारायचं नाही, गिळायचंही नाही.

चांगला, देवभीरू माणूसही चुकू शकतो. मंदिर बांधण्याचा विचार दावीद राजाने बोलून दाखवला तेव्हा नाथान संदेष्टा ‘खुशाल कर’ म्हणाला आणि त्याच रात्री देवाने त्याला उलटं सांगायला परत पाठवलं (२ शमुवेल ७). १ राजे १३ तर अंगावर काटा आणतं. देवाने यहूदातल्या एका माणसाला बेथेल गावात काही खायचं-प्यायचं नाही असं बजावलेलं. एक वृद्ध संदेष्टा त्याला म्हणतो, मलाही देवदूताने सांगितलंय, माझ्या घरी जेवायला चल. ते धडधडीत खोटं होतं, आणि विश्वास ठेवणाऱ्याला सिंहाने मारलं. देवाने तुम्हाला स्पष्ट सांगितलेलं कोणाच्याही ‘दर्शनाने’ रद्द होत नाही.

आणखी एक बारकावा. प्रेषितांची कृत्ये २१ मध्ये सोर इथले शिष्य आत्म्याच्या प्रेरणेने प्रेषित पौलाला यरुशलेमला जाऊ नको म्हणतात. पुढे अगब नावाचा संदेष्टा पौलाच्या कमरपट्ट्याने स्वतःचे हातपाय बांधून दाखवतो. पौल तरीही जातो, बांधलाही जातो. मला यात असं दिसतं की संकट येणार हे आत्म्याने दाखवलं होतं, आणि ‘म्हणून जाऊ नको’ हा प्रेमाच्या माणसांनी काढलेला अर्थ होता. संदेश ऐकताना हे वेगळं करा: दिसलं काय, त्याचा अर्थ कोणी लावला आणि ‘म्हणून तू असं कर’ हे कुठून आलं.

लग्न, पैसा किंवा घर सोडणं यांबद्दलचा संदेश असेल, वर ‘आजच ठरव’ आणि ‘कोणाला सांगू नकोस’ अशी पुस्ती असेल, तर तिथेच थांबा. दोघातिघांनी बोलावं आणि इतरांनी पारखावं हा शास्त्राचाच नियम आहे (१ करिंथकरांस १४:२९). ज्याला आपला संदेश पारखलेला खपत नाही, त्याच्या संदेशावर फार वेळ घालवायची गरज नाही.

मन खचलेलं असताना निर्णय फिरवणं

एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता. देवाने त्याला लगेच उपदेश केला नाही. झोप, भाकरी, पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकरी. देवाची मंद वाणी ऐकू आली ती पुष्कळ पुढे, होरेब डोंगरावर. कोरड्या काळात आधीचे ठराव बदलू नयेत, हा इग्नेशियस यांचा नियम इथे कामाला येतो. फक्त दोन अपवाद लक्षात ठेवा. मारहाण किंवा जिवाला धोका असेल तर पारख करत बसू नका, आधी सुरक्षित जागी जा. आणि उदासी आठवडेच्या आठवडे हलत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. ते अविश्वासाचं लक्षण नाही.

उत्तरच येत नाही तेव्हा

आधी पाहा, प्रश्न विचारण्याजोगा आहे का. घेतलेलं कर्ज फेडावं का, खोटं बिल लावावं का, यासाठी उपास-प्रार्थना नको, आज्ञा दिलेली आहे. दुसऱ्या टोकाला, दोन्ही वाटा चांगल्या असतील तर देव कदाचित तुम्हालाच निवडू देत असेल. विधवेने हव्या त्या पुरुषाशी लग्न करावं, मात्र प्रभूमध्ये, असं पौल लिहितो (१ करिंथकरांस ७:३९). एवढी मोकळीक पुष्कळांना पचत नाही. एक पाऊल चुकलं की देवाची सगळी योजनाच हातची गेली, या धास्तीने ते वर्षानुवर्षं जागचे हलत नाहीत.

‘दार उघडलं’ यावरही फार भार टाकू नका. त्रोवस शहरात पौलासाठी दार उघडलेलं होतं, तरी त्याचा सहकारी तीत भेटला नाही म्हणून त्याच्या जिवाला चैन पडेना आणि तो निघून गेला (२ करिंथकरांस २:१२-१३).

मोठ्या निर्णयात दोन-तीन जणांना बसवा. त्यांतला एक तरी तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकणारा हवा. सगळे तुमचीच री ओढणारे असतील तर त्याला सल्लामसलत कशाला म्हणायचं?

निर्णय घेतल्यावर पहिली अडचण आली की ‘इच्छा नव्हती वाटतं’ हा विचार डोकावतोच. अशा वेळी प्रेषितांची कृत्ये १६ सलग वाचा. आशियात वचन सांगायला मनाई झाली, बिथुनियाची वाट अडली, मग रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला. त्याचा अर्थ सोबत्यांनी मिळून लावला. तिथलं वाक्यच ‘आम्ही’ असं आहे. फिलिप्पैत गेल्यावर दृष्टान्तातला पुरुष काही भेटला नाही, नदीकाठी जमलेल्या स्त्रिया भेटल्या. त्यांतल्या लुदियाचं घर उघडलं. त्यानंतर फटके बसले, पाय खोड्यात अडकले आणि मध्यरात्री पौल आणि सीला गात होते. आपण चुकीच्या गावी आलो, असं त्या अध्यायात कोणीही म्हणत नाही.