बोटीचं इंजिन तापतंय? या चुका टाळा

कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत बोटींची मशिनं दिसायला लागतात. वर्षभर ताडपत्रीखाली पडलेली ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायची आउटबोर्ड मशिनं, आणि सोबत ठरलेलं वाक्य, "जरा गरम व्हायलंय, तेवढं बघा की." हे काम मे महिन्यातलं आहे. 2005, 2019 आणि 2021 चे पूर बघितलेल्या जिल्ह्यात बोट मध्येच बंद पडली तर काय होतं, हे कुणाला समजावून सांगायला लागू नये. तरी दर पावसाळ्यात चुका त्याच.

मशीन कोरडं चालू करणं

"पाण्यात नाही घातलं, नुसतं स्टार्ट करून बघितलं." हे ऐकलं की मला पुढचं सगळं कळतं. आउटबोर्डला रेडिएटर नसतो. खालच्या गिअरकेसजवळ एक रबरी इंपेलर, म्हणजे पंपाचं पात्यांचं चाक असतं, ते नदीचंच पाणी ओढून वर इंजिनात पाठवतो. त्या रबराला वंगण असतं ते पाण्याचंच. पाणी नसलं तर काही सेकंदांत पाती घासून, जळून जातात. इंजिन मात्र छान सुरू होतं, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं मशीन ओके आहे.

2019 च्या पुरानंतर शिरोळ तालुक्यात काम केलेल्या एका पथकाचं मशीन माझ्याकडे आलं होतं. पूर यायच्या आधी पोरांनी ते ट्रॉलीवरच कोरडं चालवून तपासलेलं. पाण्यात उतरल्यावर मशीनच्या मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली, अलार्म वाजला, मशीन आपोआप मंदावलं. त्यांनी रात्रीत नवा इंपेलर टाकला. दुसऱ्या दिवशी बोटीत म्हातारी माणसं आणि लेकरं असताना मशीन पुन्हा तापून बंद. वल्ही मारत कशीबशी एका घराच्या गच्चीला बोट लावली.

मी खोललं तर नवा इंपेलर धडधाकट. मग जुना मागितला. नशिबानं टूलबॉक्समध्ये होता. पाती मोजली, दोन गायब. एक तुकडा पाण्याच्या नळीत अडकलेला, दुसरा थर्मोस्टॅटच्या, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेच्या खाचेत. नवा पंप पाणी ढकलत होता, पण वाट बंद होती.

म्हणून माझ्याकडे नियम आहे: जुन्या इंपेलरची पाती टेबलावर जुळवायची, आणि शेवटचा तुकडा सापडेपर्यंत मशीन जोडायचं नाही. गिऱ्हाईक कितीही घाई करू दे. पंपाचा कप, म्हणजे ज्यात इंपेलर फिरतो ते घर, आणि खालची प्लेट यांवरून नख फिरवायचं. खाच लागली तर तेही बदला, नाहीतर नव्या रबराचं पाणी मागे गळतं. बसवताना ग्रीस नको, थोडं ग्लिसरीन किंवा भांडी घासायच्या साबणाचं पाणी पुरतं. शाफ्ट मशीनच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरवत कप खाली घ्या, उलटा फिरवला तर पाती उलटी मुडपतात. इंपेलर चांगला दिसला तरी मी पावसाळ्याआधी दरवर्षी बदलतो. एकाच जागी दाबून राहिलेलं रबर वाकडंच राहतं.

चालवून बघायचंच तर पिंपात बघा, पाणी इनलेटच्या, म्हणजे मशीन पाणी ओढतं त्या तोंडाच्या जाळ्यांच्या चांगलं वर हवं. प्रोपेलर काढायचा, गिअर न्यूट्रलला, रेस कमी.

थर्मोस्टॅट काढून फेकणं

ही ट्रक-ट्रॅक्टरवरची खोड. "काढून टाक, गार राहील." गार राहतं, पण नको तेवढं. गार इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, फोर-स्ट्रोक असेल तर ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं, प्लग काळे पडतात. शिवाय तापण्याचं खरं कारण तसंच राहतं. दुसरे शहाणे गाडीचा थर्मोस्टॅट बसवतात. तो 80 अंशांच्या आसपास उघडतो, आउटबोर्डचा बहुधा 50 ते 60 च्या दरम्यान. समुद्राच्या पाण्यावर चालणारं इंजिन जास्त तापलं की आतल्या वाटांत क्षाराचा थर बसतो, म्हणून तो मुद्दाम कमी ठेवलेला असतो. शंका असेल तर पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर घेऊन उकळत बघा, उघडतोय की नाही ते दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे, तेही करायचा लोकांना कंटाळा.

धार बघून निर्धास्त होणं

मागून येणारी बारीक धार एवढंच सांगते की पंप पाणी ढकलतोय. थर्मोस्टॅट अडकला असला तरी धार जोरात येऊ शकते. उलट धार बंद झाली तर आधी तोंडात मऊ तार घालून बघा, तिथे गांधीलमाशी मातीचं घर करते. पंचगंगेत केंदाळ आणि प्लास्टिकच्या पिशव्या इनलेटच्या जाळीला चिकटतात. अशा वेळी मशीन बंद करून, उचलून, हाताने काढायचं. रेस वाढवून काहीही निघत नाही.

अलार्म सारखा वाजतो म्हणून त्याची वायर तोडणाऱ्याचं मशीन मी हातात घेत नाही.

मालवण, देवगडकडून येणाऱ्या डिझेल बोटींचं थोडक्यात: कूलंटमध्ये बोअरचं पाणी घालू नका, डिस्टिल्ड वापरा. गरम असताना टाकीचं झाकण उघडू नका आणि तापलेल्या ब्लॉकवर गार पाणी ओतू नका, ब्लॉक तडकतो. झिंकचे अ‍ॅनोड, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः गंजून झिजणारे तुकडे, अर्धे झिजले की बदला, त्यांवर रंग तर चुकूनही मारू नका.

पूर ओसरल्यावर मशीन तसंच ठेवणं

पुराच्या पाण्यातली काळी माती आत वाळली की सिमेंटसारखी बसते. बोट पाण्याबाहेर आली की त्याच दिवशी, चिखल ओला असताना, नळाच्या पाण्यावर मशीन चालवून दहा-पंधरा मिनिटं आतून धुवा. आधी पाणी सोडायचं, मग इंजिन. बंद करताना आधी इंजिन, मग पाणी. नंतर मशीन आडवं न टाकता उभं ठेवा, आतलं सगळं पाणी निथळू द्या. ताडपत्री त्यानंतर.